जावयाचं नेट

जावयाच्या घरात कशाला नावं ठेवायची नाहीत, हा नियम मला कोणी शिकवला ते आठवत नाही. तो अंगातच असावा. आमटीत मीठ नसलं तरी "वा!" म्हणायचं. गादीची स्प्रिंग बरगडीत शिरत असली तरी "अगदी गाढ झोप लागली" म्हणायचं. पण जावयाच्या घरातलं नेट चालत नसेल तर काय म्हणायचं, याबद्दल जुन्या माणसांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही. त्यांना तरी काय बोल लावणार! त्यांना जावई होते, नेट नव्हतं.

मी प्रुफं वाचतो. निवृत्त झालो तरी वाचतो, कारण दुसरं काही येत नाही, आणि हे तरी येतं का, अशी शंका मला रोज सकाळी येते. आमच्या छापखान्याची पद्धत जुनी आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेलं प्रूफ समोर धरून ताडून पाहायचं. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून भागत नाही, चिन्हंही वाचावी लागतात. "धरण भरलं स्वल्पविराम पण कालवा कोरडाच राहिला पूर्णविराम" असं. मी वाचणारा. ऐकणारा माझा जोडीदार, ज्याला सगळा छापखाना कानसेन म्हणतो. माझ्याकडून एखादं चिन्ह राहिलं की तो मान वर न करता विचारतो, "पुढे काय?" आयुष्यात इतक्या वेळा "पुढे काय?" मला माझ्या वडिलांनीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि त्यांना तो प्रश्न विचारायला पुष्कळ कारणं होती.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुसऱ्याचं वाक्य हातात असलं की मी वाघ. स्वतःचं म्हटलं की शेळी.

लेकीने आमची परदेशाची तिकिटं काढली तेव्हा आमच्याकडे एका निवृत्त अभियंत्याचं आत्मचरित्र वाचायला आलं होतं. या गृहस्थांनी पाटबंधारे खातं सोडलं होतं, पण पाटबंधाऱ्यांनी त्यांना सोडलं नव्हतं. पुस्तक इतकं जाड, की उशाला घेतलं असतं तर मान अवघडली असती. धाकटे मालक म्हणाले, "काका, तुम्ही जा, मजा करा. हल्ली मशीन वाचतं. एका बाजूने मूळ घालायचं, दुसऱ्या बाजूने प्रूफ. चूक असली की तिथे लाल होतं."

मी लाल झालो. पण बोललो नाही. बोलला तो कानसेन. "आम्ही नेटवरून वाचू. तो तिकडून वाचेल, मी इकडून ऐकेन."

"ठीक आहे," धाकटे मालक म्हणाले. "पण प्रकाशनाच्या आधी छापायला गेलं पाहिजे. रखडलं, तर हे आणि इथून पुढचं सगळं मशीनकडे."

बाहेर जिन्यात कानसेन म्हणाला, "मला काय, मी घरी बसेन. पण घरी बसून करायचं काय, ते कोणी सांगत नाही." त्याच्या घरी आता कोणी नाही. दिवसभरात तो माझ्याखेरीज कोणाशी बोलत नाही, आणि माझ्याशीही बोलतो ते विरामचिन्हांपुरतं. तरी ते बोलणं आहे. ते बंद पडलं असतं तर माझ्यामुळे पडलं असतं, हा विचार विमानात मी गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो.

लेकीच्या घरी पहिले काही दिवस नेट असं धावलं की काय सांगावं! कानसेनच्या नाकावरची माशीसुद्धा दिसायची. लेक सकाळी कामावर जायची. जावईबापू आतल्या खोलीत दार लावून आपल्या ऑफिसचं काम करायचे. मी बैठकीच्या खोलीत हळू आवाजात कालवे खणायचो. कपाटावर राउटर आपले हिरवे दिवे लुकलुकवत असायचा. सगळं आलबेल होतं. पण आमच्या हिला रिकामं बसवत नाही.

"अहो, त्यावर किती धूळ बसते बघा," ही एकदा म्हणाली. "जावयाची वस्तू. अशी उघडी?"

आमच्या घरात उघडी वस्तू नसते. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, कव्हरांच्या गठ्ठ्याला वर एक पिशवी. मीही पुस्तकांना खाकी कव्हरं घालणारा माणूस, त्यामुळे मला हे बोलणं पटलं. इतकं पटलं, की मापं मीच घेतली. हिने जुन्या साडीचं निळं कव्हर शिवलं, खाली इलॅस्टिक, पुढे दिव्यांपुरती दोन काजं. "आतून अस्तर लाव," मी म्हणालो, "या देशात थंडी किती!" तिने कापूस भरून अस्तर लावलं. राउटर थंडीला निघालेल्या तान्ह्या बाळासारखा दिसायला लागला. लेक संध्याकाळी आली आणि म्हणाली, "अय्या, आई, किती गोड!" तिने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. हिच्या बहिणीने तर "आमच्यासाठीही एक" असं कळवलं. जावईबापू खोलीतून आले, कव्हराकडे पाहत जरा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "वा, आई."

त्यानंतर एक-दोन दिवसांतली गोष्ट. मी "पाण्याचा विसर्ग" एवढं म्हणालो आणि पडद्यावर कानसेन तोंड उघडं ठेवून थिजला. मी "अरे, ऐकतोस ना?" म्हणत राहिलो. तेवढ्यात आतलं दार उघडलं. जावईबापू बाहेर आले. त्यांनी राउटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात डोकावून हिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "काही नाही, बाबा. चालू द्या तुमचं." आणि आत गेले.

मी मूर्ख असेन, पण नजर वाचता न येण्याइतका नाही. त्या नजरेत काय होतं ते मला स्वच्छ वाचता आलं. मी त्यांचं नेट खात होतो. एका घराला पुरेल एवढं नेट त्यांनी घेतलेलं, आणि त्यात हा सासरा रोज कालवे काढतोय! खाली पाणी पोहोचणार कसं? अभियंत्यांच्या पुस्तकात याच विषयावर एक प्रकरणही होतं. वरच्या गावाने पाणी अडवलं की खालचं गाव कसं वैतागतं, त्याचं. ते मी आदल्या दिवशीच मोठ्याने वाचलं होतं. जावईबापूंनी ऐकलं असेल का, या काळजीने मला जेवण गेलं नाही.

पुढे हे रोजचंच झालं. थोडा वेळ बरं चालायचं, मग तुटायचं, मग बऱ्याच वेळाने परत यायचं. जावईबापू बाहेर यायचे, तिघांकडे पाहायचे, म्हणजे राउटर, मी आणि आमची ही, आणि "काही नाही" म्हणून आत जायचे. मला खुर्चीत बसवेना. मी कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत फिरायला लागलो.

"पायांना भिंगरी लागलीय का?" हिने विचारलं.

"बाहेर फिरून येतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती म्हणाली. लग्नापासून मी फिरायला जातो असं म्हणालो नव्हतो.

घराजवळच्या बागेत एक बाक आहे. मुलांकडे आलेले आपल्याकडचे आजोबा तिथे रोज बसतात आणि आपापल्या सुनांबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवून बोलतात. त्यांतले एक काका पाचव्या खेपेला आले होते, त्यामुळे परदेश या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. मी चाचरत अडचण सांगितली. माझी म्हणून नाही. एका मित्राची म्हणून.

"तुमच्या मित्राला सांगा, नेट पहाटे वापरायचं," खेपवाले काका म्हणाले. "नळाचं असतं तसंच. सगळे उठले की दाब कमी होतो."

"छे!" विमा कंपनीतून निवृत्त झालेले दुसरे काका म्हणाले. "दिशा. राउटरचं तोंड कुठे आहे तुमच्या मित्राच्या घरात?"

"राउटरला तोंड असतं?" मी विचारलं.

"असतं तर! दक्षिणेकडे असलं की संपलं."

तिसरे, जे कमी ऐकतात आणि म्हणून जास्त खात्रीने बोलतात, ते म्हणाले, "माझ्या मुलाने अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावला. आता शेजाऱ्याचं नेटसुद्धा आमच्याकडे येतं."

"सरळ जावयाला सांग ना," असं एकही म्हणाला नाही. उलट खेपवाले काका निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मित्राला म्हणावं, जावयाला मात्र कळू देऊ नकोस." मित्राला जावई आहे, हे मी सांगितलं नव्हतं.

आपलं नेट आपण शोधायचं, म्हणजे जावयाचं जावयाला मोकळं, असं मी ठरवलं. सिमकार्डाच्या दुकानातली मुलगी फार गोड हसली. पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. फोटोतला माणूस माझ्यापेक्षा आत्मविश्वासू दिसतो, हे मलाही मान्य आहे. मग म्हणाली, तुम्ही पाहुणे. ज्यांच्याकडे उतरलात त्या घरमालकाची सही आणा. घरमालक कोण? जावई. मी आभार मानून निघालो, आणि वर तिच्याकडून फोनचं एक कव्हर घेतलं. नुसतं कसं निघायचं?

मग ग्रंथालय सापडलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि माझे डोळे भरून आले. इतकी पुस्तकं! नेटही फुकट आणि तुफान. मी कोपऱ्यातली जागा धरली, कानसेनला लावलं, आणि "प्रकरण अठरावं" एवढं म्हणतो न म्हणतो तोच चार बाजूंनी माना वळल्या. ग्रंथपालबाई ओठांवर बोट ठेवून आल्या. खरं आहे! ग्रंथालयात बोलायचं नसतं हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल? मी जन्मभर दुसऱ्यांना गप्प करत आलेला वाचक. इतका ओशाळलो की बाईंची माफी मराठीत मागितली.

बोलण्यासाठी काचेची वेगळी खोली होती, पण ती किमान दोन माणसांना मिळे. कानसेनला त्या माणूस धरायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी हिला घेऊन गेलो.

"घरात काय कमी आहे?" तिने वाटेत विचारलं.

"घरात पुस्तकं कमी आहेत," मी म्हणालो. बायकोशी खोटं बोलताना मी नेहमी अर्धं खरं बोलतो. तेवढाच दोष कमी.

काचेच्या खोलीत ही विणकाम घेऊन बसली. मी वाचायला लागलो. "कालव्याच्या पाहणीसाठी मी पावसाळाभर मुक्कामी राहिलो पूर्णविराम घरी पत्नी व तीन मुलं होती पूर्णविराम"

"आणि पावसाळाभर तिने एकटीने काय केलं?" हिने सुई थांबवून विचारलं.

"वहिनी, हे मुळात आहे का?" तिकडून कानसेन.

"नसेल तर घाला!" ही म्हणाली. "छत गळलं असेल, मुलं तापली असतील. हा कालवे बघतोय!"

"अगं, ते थोर अभियंते आहेत."

"घर गळत असताना बाहेरचं पाणी मोजणारा कसला थोर?"

आवाज चढला. काचेतून लोक पाहायला लागले. ग्रंथपालबाई आल्या आणि मृदूपणे म्हणाल्या, की घरगुती वादांसाठी नगरपालिकेची वेगळी समुपदेशन केंद्रं आहेत. पत्ता देऊ का? शिवाय यापुढे खोली हवी तर सभासदत्व लागेल, आणि त्यासाठी माझ्या नावावरचा घराचा कागद. त्या देशात माझ्या नावावर फक्त परतीचं तिकीट होतं.

इकडे कामाची गाडी मागे पडत चालली होती. कानसेन तक्रार करत नव्हता, पण एकदा म्हणाला, "काल धाकटे मालक माझ्या टेबलाशी येऊन मशीनसाठी जागा मोजून गेले." मग थांबून, "माझ्या खुर्चीसकट मोजली."

रात्रीच्या जेवणाला लेक सहज म्हणाली, "आपलं नेट हल्ली जरा रडतंय का हो?"

"छे छे!" मी म्हणालो.

"अजिबात नाही!" जावईबापू म्हणाले.

दोघेही इतक्या घाईने बोललो की ती दचकली. मला जावयाचं कौतुक वाटलं. सासऱ्याची उणीव झाकायला माणूस खोटं बोलतो! त्यांचे शर्ट हल्ली किती विटलेत, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. निळ्याचा पांढरा होत आला होता. पगारात काही कमी-जास्त तर नाही? आणि त्यातून यांचं नेट मी खाल्लेलं. त्याच आठवड्यात हिने सांगितलं, "जावईबापूंना हल्ली रोज ऑफिसात बोलावतात. तुम्ही निघालात की मागोमाग तेही निघतात." मी माणसाला त्याच्याच घरातून उठवलं होतं. एक दिवस ते गेल्यावर मी घरी थांबून पाहिलं. तरी नेट तुटलंच. ते ऑफिसात बसूनही घरचंच नेट वापरत असतील, असा निष्कर्ष मी काढला. हे कसं शक्य आहे ते मला माहीत नव्हतं, पण नेटमधलं मला काय माहीत होतं?

अशा अवस्थेत रस्त्यारस्त्याने फिरताना मला लाँड्री दिसली. धोब्याची नव्हे, तिथे भिंतीला लागून मोठमोठी मशीनं असतात, लोक आपले कपडे आणून टाकतात आणि ते फिरताना बघत बसतात. काचेवर नेटचं चिन्ह होतं. आतल्या बाईंनी नियम समजावला. मशीन सुरू केलं की एक चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर नेटचा पासवर्ड असतो, आणि मशीन फिरतंय तोवर नेट. मशीन थांबलं, नेट थांबलं. मी लगेच खिशातला रुमाल काढला. बाईंनी मान हलवली. रुमालासाठी मशीन चालवत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तकांच्या पिशवीत मी टॉवेल, चादर, उशीचे अभ्रे घालून घराबाहेर पडायला लागलो. घरात मशीन असताना! टॉवेल रोज धुऊन धुऊन जाळीदार झाला. "इथलं पाणीच वाईट," ही म्हणायची. "कपडे कसे खातं बघा. जावईबापूंचे शर्टसुद्धा!"

पण नेट! नेट मशीनच्या पात्यासारखं न थांबता फिरत होतं. मशीनच्या गोल खिडकीसमोर बसून मी वाचायचो, घरघरीवर आवाज जावा म्हणून जरा लांबवून, सुरात. "भिंतीचा पाया अर्धविराम मुरूम अर्धविराम आणि चुना पूर्णविराम" शेजारच्या बाकावरची म्हातारी हळूच मान झुकवायला लागली. कोणी पायमोजे मोजत असेल तर थांबायचं. बाईंनी रेडिओ बंद केला, आणि एकदा माझ्यापाशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? मला आधी कळेना. मग उमगलं. परदेशी म्हातारा, रोज तोच टॉवेल धुतो, आणि पाण्याकडे पाहून तेच तेच म्हणतो. मी एखादा विधी करत असणार. मी समजावायचा प्रयत्न केला, पण "पाटबंधारे" हा शब्द त्यांच्या भाषेत मला येत नव्हता. शेवटी मी नुसता उसासा टाकला. त्यांनी माझ्यासाठी गादीची खुर्ची आणली. इतका मान मला स्वतःच्या सत्कारातसुद्धा मिळाला नसता, पण अर्थात तो कधी झाला नाही.

शेवटचा दिवस उजाडला. एक प्रकरण उरलं होतं. तिकडे कानसेनच्या शेजारी धाकटे मालक येऊन बसले होते. "आज संपलं तर ठीक, काका," ते म्हणाले, "नाहीतर रात्री मशीनला लावतो." मी चादर टाकली, चिठ्ठी घेतली, आणि सुरुवात केली. त्या दिवशी मी असा वाचत होतो, की एकही "पुढे काय?" आलं नाही. पण प्रकरण चादरीपेक्षा लांब निघालं. "धरणाच्या भिंतीला तडा दिसला स्वल्पविराम आणि" एवढं मी म्हणालो, मशीनने एक आचका दिला आणि ते थांबलं. पडद्यावर कानसेन थिजला.

पाच-सहा पानं! फक्त! मी ओली चादर पुन्हा मशीनमध्ये कोंबायला लागलो. बाईंनी ती हळुवार काढून घेतली आणि वाळवण्याच्या यंत्रात टाकली. त्या यंत्राला चिठ्ठी नसते. माझा हात थोपटून त्या म्हणाल्या, पुरे आता, जाऊ द्या त्यांना.

मी इकडे पळालो, तिकडे पळालो. पिशवी उलटी केली. आतून चष्म्याचं घर पडलं. अंगात एक स्वेटर होता, हिने विणलेला, जाड, मशीनला चालण्यासारखा. मी तो डोक्यावरून ओढायला लागलो. हिच्या विणीचे गळे फार घट्ट असतात. स्वेटर चष्म्यावर अडकला, हात वर, डोकं आत. त्या लोकरीच्या अंधारात मला कानसेनची टेबलासकट मोजलेली खुर्ची दिसत होती. आणि त्याच अंधारात मागून शुद्ध मराठीत आवाज आला.

"बाबा?"

"कोण आहे?" मी स्वेटरमधून विचारलं.

"मी."

तो "मी" मी ओळखला. स्वेटर कोणीतरी अलगद खाली ओढला. समोर जावईबापू उभे होते, गळ्यात हेडफोन, काखेत लॅपटॉप, हातात पिशवी. मशीनांच्या रांगेच्या पलीकडे, मागच्या गल्लीकडून एक दार आहे, तिथे असाच एक बाक आहे, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही ऑफिसात..." मी म्हणालो.

"तुम्ही फिरायला..." ते म्हणाले.

मग मी, देव जाणे कुठून बळ आलं, म्हणालो, "जावईबापू, मला धुवायला काहीतरी द्या. पाच पानं राहिलीत."

त्यांनी पिशवी माझ्यापुढे केली. वर दोन विटके शर्ट. मी ते ओढले तर त्यांच्याखालून काहीतरी निळं, कापूस भरलेलं, इलॅस्टिकवालं जमिनीवर पडलं. त्याला पुढे दोन काजं होती.

"हे इथे कसं?"

जावईबापूंचे कान लाल झाले. "धुवायला आणलं होतं. म्हणजे... तेवढा एक दिवस तरी निघेल म्हणून. आईंनी इतक्या मायेने शिवलंय, काढा कसं म्हणणार? बाबा, त्याला श्वास घेता येत नाही."

"कोणाला?"

"राउटरला. तापतो आणि बंद पडतो. गार झाला की परत सुरू होतो. तुम्हीच मापं घेतली होतीत, म्हटलं तुम्हालाही वाईट वाटेल."

मी मटकन खुर्चीत बसलो. "म्हणजे मी तुमचं नेट खात नव्हतो?"

"तुम्ही?" ते म्हणाले. "बाबा, तुमच्या वाचनाने इकडची मुंगीसुद्धा हलत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि जरासं वाईटही.

त्यांनी शर्ट आणि कव्हर मशीनमध्ये टाकलं. "गरम पाण्यात?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हणालो, "चांगलं गरम." चिठ्ठी बाहेर आली. ज्या कव्हराने घरातलं नेट मारलं होतं, ते आता गोल खिडकीत गरागरा फिरत होतं, आणि ते फिरत होतं म्हणून मला नेट होतं.

पडद्यावर कानसेन हलला. तो तसाच बसून होता, बोट प्रुफावर. त्याने मान वर न करता विचारलं, "'आणि'च्या पुढे काय?"

"आणि क्षणभर कोणालाच काही सुचेना पूर्णविराम" मी वाचलं.

जावईबापू माझ्याशेजारी बसून राहिले. शेवटचा पूर्णविराम झाला तेव्हा मशीन अजून फिरत होतं. म्हातारीने मान झुकवली. बाईंनी डोळे टिपले. तिकडून धाकटे मालक म्हणाले, "झालं वाटतं. बरं, काका, पुढचं पुस्तक पाठवून देतो. मशीनचं मग बघू." कानसेनने खुर्ची टेबलाच्या जरा जवळ ओढली. तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. नेट चांगलं होतं.

कव्हर बाहेर निघालं तेव्हा ते लिंबाएवढ्या बाळाला झालं असतं. आम्ही ते घरी नेलं आणि हिच्यापुढे ठेवून दोघं गुन्हेगारांसारखे उभे राहिलो. तिने कव्हर उलटंपालटं केलं, उघड्या राउटरकडे पाहिलं, जावयाच्या शर्टाकडे, मग माझ्या हातातल्या जाळीदार टॉवेलकडे. सगळी गोष्ट आम्ही एकमेकांच्या वाक्यांत पाय अडकवत सांगितली.

"तापत होता, तर बोलायचं की!" ती म्हणाली. "तुम्हा दोघांच्या तोंडाला मी काय कव्हरं शिवली होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीच्या खोलीतच नवीन पुस्तक सुरू केलं. आतलं दार उघडं होतं. जावईबापू चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे होते. राउटर कपाटावर उघडाबोडका लुकलुकत होता, आणि कानसेनच्या नाकावरची माशी पुन्हा दिसत होती. मी पहिलं वाक्य वाचणार, तोच ही मोजपट्टी घेऊन आली आणि माझ्या बोटांच्या मधून लॅपटॉपची लांबी-रुंदी घ्यायला लागली.

"काय करतेस?"

"जावईबापूंचाही असाच आहे ना? एकाच मापात दोन होतील. किती धूळ बसते बघा!"

मी जावयाकडे पाहिलं. जावयाने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी "वा" म्हणायला तोंड उघडलेलं मला दिसलं. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. मग आम्ही दोघं एकदम, एका सुरात म्हणालो, "नको"

कानसेनने पडद्यावर मान वर न करता विचारलं, "पुढे काय?"

"उद्गारचिन्ह," जावईबापू म्हणाले.